काटा नॉर्मल, पण नळी जळतेय

मंडळी, इनबोर्ड (म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनाची स्पीडबोट चालवणारे एक तक्रार नेहमी सांगतात. रबर जळल्याचा वास येतो, पण टेम्परेचरचा काटा तर नॉर्मल आहे! मग काट्यावर भरवसा ठेवून बोट तशीच दामटली जाते. हा भरवसा धोक्याचा आहे, आणि आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

काटा दाखवतो ते इंजिनाच्या ब्लॉकमधलं तापमान. हीट एक्सचेंजर (समुद्राच्या पाण्यानं कूलंट गार करणारा भाग) असेल तर ब्लॉकमध्ये कूलंट आतल्या आत फिरत असतं. एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर नेणारी रबरी नळी मात्र समुद्राच्या पाण्यावर जगते. मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागातून, येणारा धूर लोडवर ५०० अंशांच्याही वर असतो. त्यापुढच्या रायझरमध्ये (मॅनिफोल्ड आणि नळी जोडणाऱ्या धातूच्या भागात) त्याच्यात खारं पाणी मिसळलं, तरच तो रबराला सोसेल इतका निवतो. पंपाकडूनच पाणी कमी आलं तर काटाही चढेल, पण उशिरा. अडथळा रायझरमध्येच असेल तर तो चढणारही नाही. चांगल्या नळीवर 'एसएई जे २००६' हे मानक छापलेलं असतं. पाणी पूर्ण बंद पडलं तरी ती नळी पूर्ण ताकदीवर २ मिनिटं तग धरेल, एवढीच त्यामागची हमी. मांडव्याहून गेटवेला यायला किती वेळ लागतो, ते तुम्हीच जाणता.

म्हणून नुसती नळी बदलू नका. पाणी कुठे अडलंय ते शोधा. सुरुवात तळापासून करा. मुंबई बंदरात इनटेकवर, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या तोंडावर, प्लास्टिकची पिशवी बसणं रोजचंच. खाडीचा गाळ स्ट्रेनरमध्ये (पाण्याच्या गाळणीत) साचतो. सक्शनच्या (पाणी ओढण्याच्या) बाजूची क्लिप ढिली असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.

मग इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक. आपल्याकडे पावसाळाभर बोट वर काढलेली असते. तेवढे महिने इम्पेलरची पाती एकाच जागी वाकून कडक होतात आणि मोसमाच्या पहिल्याच फेरीत तुटतात. त्यामुळे बोट पाण्यात सोडण्याआधी नवा इम्पेलर बसवा, जुना कितीही चांगला दिसला तरी. आणि पातं तुटलेलं आढळलं, तर तुकडे मोजा. एक जरी कमी भरला तरी तो पुढे पाण्याच्या वाटेवरच्या कूलरच्या तोंडाशी अडकलेला असणार. तो काढल्याशिवाय नव्या इम्पेलरचा काही उपयोग नाही.

आता रायझर. सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडेच होतं. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रायझर उभ्या बोटीत खारट ओलाव्यानं आतून गंजतो, गंजाचे पापुद्रे सुटतात आणि पाण्याच्या वाटा बुजतात. मग पाणी सगळीकडून न पडता एकाच बाजूनं पडतं. नळी खालून गार आणि वरून तापलेली, ही त्याची खूण. व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडरच्या) इंजिनाला दोन नळ्या असतात, त्यामुळे तुलना सोपी जाते. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि दोन्ही नळ्या एकाच जागी, वर-खाली मोजा. रीडिंग काळ्या रबरावरच घ्या, चकचकीत धातूवर ते फसवं येतं. एकच बाजू तापत असेल तर पंप निर्दोष समजा आणि त्या बाजूचा रायझर उतरवा. बुजलेला रायझर ठोकून-खरवडून परत बसवू नका. खाऱ्या पाण्यात त्याचं आयुष्य ३ ते ५ वर्षांचं असतं, आणि आतून सडलेल्या बिडातून पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं.

एकदा भाजलेली नळी बाहेरून ठीक दिसली तरी आतून बघा. आतला थर सुटून लोंबत असेल तर तो धुराची वाट अडवतो. आणि ती फुटली, तर पेट्रोल इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. त्याला वास नसतो. आपण प्रवासी नेतो, त्यांच्यात लहान मुलं असतात.

वास आला की थ्रॉटल खाली आणा आणि मागे बघा, एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का? नसेल तर इंजिन लगेच बंद करा आणि नांगर टाका. प्रवाशांना काय झालंय ते सरळ सांगा. तापलेल्या रायझरवर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. आणि या मोसमात दोन्ही नळ्यांवर, रायझरला लागूनच, तापमानाचा सेन्सर बसवून घ्या. साधारण ७५ अंशांना वाजणारा अलार्म मिळतो. तो ड्रायव्हरच्या कानाशी लावा, इंजिनाच्या खोलीत नको.