नेत्सुके : कमरपट्ट्यावरचं कोरीव लाकूड

(दृश्य : काळ्या कापडावर एक लाकडी बेडूक. दोन बोटं त्याला उचलतात आणि पालथा करतात.)

नेत्सुके म्हणजे जपानी माणसाच्या कमरपट्ट्यावरची लहानशी कोरीव वस्तू. ती हातात आली की जाणकार माणूस आधी तिचा चेहरा बघत नाही. तो ती पालथी करतो. पोटाकडची बाजू नीट कोरली आहे का, दोरीची भोकं कुठे पाडली आहेत, त्यांच्या कडा कितपत झिजल्या आहेत, हे बघतो. मग भिंग काढतो. डोळे, पंजे, सही हे सगळं त्यानंतर. नेत्सुके जमवायच्या छंदात मुरलेला माणूस एवढ्या एका हालचालीवरून ओळखू येतो.

असं का, ते कळायला नेत्सुके कशासाठी होतं ते आधी बघावं लागेल.

(दृश्य : किमोनोतला पुरुष, कमरेला ओबी. पट्ट्याच्या वरच्या काठावर नेत्सुके, खाली लोंबणारी तंबाखूची पिशवी.)

एदो काळ, म्हणजे १६०३ ते १८६८. जपानी माणूस किमोनो नेसायचा आणि किमोनोला खिसे नसायचे. आपल्याकडचा धोतरवाला माणूस जसा पैसे कनवटीला लावायचा, तसा जपानी पुरुष आपलं सामान कमरेच्या पट्ट्याला, ओबीला, टांगायचा. तंबाखूची पिशवी, पैशांचा बटवा, औषधाच्या गोळ्या ठेवायची कप्प्याकप्प्यांची डबी. या डबीला इन्रो म्हणतात. सामानाची दोरी पट्ट्यामागून वर काढायची आणि ती खाली निसटू नये म्हणून टोकाला एक लहानसा ठोकळा बांधायचा. तो ठोकळा म्हणजे नेत्सुके. दोरीत मधे एक मणी ओवलेला असे, ओजिमे. तो वरखाली सरकवला की पिशवीचं तोंड आवळलं जायचं किंवा सैल व्हायचं.

काम एवढंच. पण या कामाने कोरणाऱ्याला फार कडक शिस्त लावली. कुठेही टोक बाहेर आलेलं चालत नाही, बाहीच्या रेशमात अडकेल. पातळ पाय, उभे कान चालत नाहीत, पहिल्याच धक्क्याला तुटतील. आकार तीन ते पाच सेंटिमीटर. दिवसभर कमरेवर घासलं जाणार, म्हणून लाकूड चिवट हवं. आणि ते कोणत्याही बाजूला फिरणार, म्हणून पाठ, पोट, तळवे सगळं पूर्ण करायला हवं.

त्यामुळे नेत्सुकेतला उंदीर शेपूट अंगाभोवती गुंडाळून बसतो. बगळा मान पिसांत खुपसतो. सापाची वेटोळी एकमेकांत इतकी घट्ट बसवलेली असतात की बोट फिरवलं तरी कुठे अडत नाही. दोरीसाठी वेगळी भोकं पाडावी लागू नयेत म्हणून चांगला कारागीर ती जागा आकृतीतच शोधायचा, वाकवलेला हात आणि धड यांच्यामधली फट किंवा शेपटीखालची पोकळी. या भोकांना हिमोतोशी म्हणतात. पुष्कळदा एक भोक मोठं आणि एक लहान असतं, कारण दोरीची गाठ मोठ्या भोकात दडवायची असते. संग्राहक नेत्सुके पालथं करतो ते हे सगळं बघायला. कोरणाऱ्याने वापरणाऱ्याचा विचार किती केला होता, ते तिथे उघडं पडतं.

(दृश्य : एदोतल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, बाजारपेठेचं जुनं चित्र. लांब चिलीम ओढणारे व्यापारी.)

तंबाखू जपानात आली सोळाव्या शतकाच्या शेवटी, पोर्तुगीजांबरोबर. पुढे ती घरोघर पोहोचली आणि पिशवी टांगायला नेत्सुकेही लागायला लागलं. याच काळात व्यापाऱ्यांच्या हातात पैसा आला, पण कोणत्या वर्गाने काय ल्यावं आणि काय नेसावं यावर सरकारी बंधनं होती. मग तो पैसा लहान वस्तूंकडे वळला. नेत्सुकेसारखी नित्य वापरायची आणि तळहातात मावणारी वस्तू यासाठी अगदी सोयीची होती.

१७८१ मध्ये ओसाकात इनाबा त्सूर्यू या तलवारीच्या साजाच्या व्यापाऱ्याने एक ग्रंथ छापला. त्याच्या शेवटच्या खंडात त्याने आपल्या काळातल्या पन्नासहून अधिक नेत्सुके कोरणाऱ्यांची नोंद केली. क्योतोच्या तोमोतादाबद्दल तो लिहितो की हा बैल फार सुंदर कोरतो, आणि त्याच्या नावाने बनावट माल पुष्कळ निघतो. सही बघून भुलणाऱ्या प्रत्येक संग्राहकाला मी ही नोंद आठवून देईन. तोमोतादाची नक्कल त्याच्याच शतकात सुरू झाली होती.

(दृश्य : कारागिराचं बैठं मेज. लाकडाचे ठोकळे, बारीक कोरण्या.)

आता लाकडाकडे येऊ, कारण माझ्या मते या छंदाचा खरा आनंद लाकडात आहे. हस्तिदंताची नेत्सुके भावाने चढी असतात, त्यांची छायाचित्रंही जास्त दिसतात. पण लाकूड माणसाच्या हाताला प्रतिसाद देतं. घाम, तेल, घासणं, सगळं ते मुरवून घेतं.

सगळ्यांत लाडकं लाकूड त्सुगेचं, इंग्रजीत बॉक्सवुड. झाड फार सावकाश वाढतं, म्हणून त्याचे तंतू इतके दाट असतात की केसाएवढी रेघ कोरली तरी कपचा उडत नाही. इसेजवळच्या आसामा डोंगरावरचं त्सुगे त्यातही नावाजलेलं. इसेचं देवस्थान म्हणजे जपानी माणसाची मोठी यात्रा, आणि यात्रेकरू परतताना तिथल्या कारागिरांकडून नेत्सुके घेऊन जायचे. बेडूक विशेष खपायचा, कारण सुखरूप घरी परतण्याची ती खूण मानली जायची. इसेत मासानाओ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि त्यांच्या भेकांच्या पाठीवर बोट फिरवलं की एकेक चामखीळ जाणवते.

(दृश्य : अगदी जवळून. भेकाच्या पाठीवरच्या बारीक पुळ्या.)

या पुळ्या कोरलेल्या नाहीत. तंत्राचं नाव उकिबोरी. बोथट टोकाच्या हत्याराने लाकडावर बारीक बारीक खळगे दाबायचे. लाकूड कापायचं नाही, तंतू फक्त दाबून बसवायचे. मग आजूबाजूचा भाग खळग्याच्या तळापर्यंत तासून सपाट करायचा. आता सगळं गुळगुळीत दिसतं, काही केलंय असं वाटतही नाही. मग पाणी लावायचं. दाबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि जिथे जिथे हत्यार टेकवलं होतं, तिथे तिथे एक पुळी वर येते. झाडाला स्वतःचा मूळ आकार लक्षात असतो आणि कारागिराला ते माहीत असतं. भिंगाखाली अशी पाठ पाहिल्यावर मला दुसरं काही बघावंसं वाटत नाही.

कोरून झाल्यावर तोकुसा या खरबरीत वनस्पतीच्या काड्यांनी आणि मुकू या झाडाच्या पानांनी ते घासायचं, गार्डेनियाच्या फळाचा पिवळसर रंग द्यायचा आणि शेवटी इबोता नावाच्या, किड्यापासून मिळणाऱ्या मेणाने चकाकी आणायची.

याच्या अगदी उलट वाट हिदा प्रांतातल्या ताकायामाच्या मात्सुदा सुकेनागाची. १८०० ते १८७१ हा त्याचा काळ. त्याने इचीई नावाचं लाकूड धरलं. त्याचा गाभा तांबूस आणि बाहेरचा थर पांढरट. रंग लावायचा नाही आणि कोरणीच्या खुणा घासून पुसायच्या नाहीत, असं त्याने ठरवलं. लाकडातच असलेला तांबडा-पांढरा भाग असा वळवून घ्यायचा की प्राण्याची पाठ एका रंगात येईल आणि पोट दुसऱ्या. हाताळणीने हे लाकूड वर्षानुवर्षं गडद होत जातं. ताकायामात आजही या पद्धतीने काम चालतं.

(दृश्य : जांभई देणारा दारुमा, तांदळाच्या पोत्यांवरचा दाइकोकू.)

मराठी प्रेक्षकाला या लहानग्या मूर्तींमध्ये काही ओळखीचे भेटतील. दारुमा म्हणजे भारतातून चीनमध्ये गेलेला बोधिधर्म. नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून तो ध्यानाला बसला, अशी कथा. नेत्सुके कोरणाऱ्याने त्याला गाठलं ते ध्यान संपल्यावर, दोन्ही हात वर ताणून मोठी जांभई देताना. बिवा वाजवणारी बेन्तेन ही मूळची सरस्वती. आणि पोत्यांवर बसलेला हसरा दाइकोकू हा मूळचा महाकाल, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे पोहोचलेला आणि वाटेत उग्रपणा टाकून धनधान्याचा देव झालेला.

१८६८ नंतर जपानात पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले, चिलमीच्या जागी सिगारेट आली. नेत्सुकेचं काम संपलं आणि ती जहाजं भरभरून युरोपला गेली. पॅरिसमध्ये शार्ल एफ्रुसी या संग्राहकाने २६४ नेत्सुके एकदमच विकत घेतली. १८९९ मध्ये ती व्हिएन्नातल्या चुलतभावाकडे लग्नाचा अहेर म्हणून गेली. १९३८ मध्ये नाझींनी या ज्यू कुटुंबाचा वाडा लुटला. फर्निचर, चित्रं, ग्रंथ, सगळं गेलं. अ‍ॅना नावाच्या मोलकरणीने मात्र ही नेत्सुके थोडी थोडी करून उचलली, आपल्या गादीत लपवली आणि युद्धानंतर घरच्या मुलीच्या हाती परत दिली. एवढ्याशा आकारामुळेच हे शक्य झालं.

दुसरा मोठा संग्रह अमेरिकन वकील रेमंड बुशेल यांचा. युद्धानंतर तोक्योत राहून त्यांनी तो जमवला. त्यातली सहाशेहून अधिक नेत्सुके आज लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहेत.

(दृश्य : एका ट्रेमध्ये वीसेक स्वस्त नेत्सुके. भिंग त्यांच्यावरून सरकतं.)

आज कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी बनावट मालाशी गाठ पडते. साच्यात ओतलेल्या रेझिनच्या वस्तू सगळीकडे आहेत. भिंगाखाली त्यांच्यावर साच्याची जोडरेघ दिसते, हवेचे बुडबुडे दिसतात. लाकडाची नक्कल ओळखणं कठीण, कारण लाकूड खरंच असतं आणि मशीनने बरं कोरलेलं असतं. तिथे झीज बघायची. खरी झीज उंचवट्यांवर येते, नाकावर, गुडघ्यावर, पट्ट्याला टेकणाऱ्या बाजूवर. रंग खाचांमध्ये टिकून राहतो. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो कुणीतरी फासलेला आहे. भोकांच्या कडा धारदार असतील तर त्यातून दोरी कधी गेलेली नाही. आणि भोकं अशा जागी असतील की बांधल्यावर मूर्ती उलटी लोंबेल, तर ती पुन्हा ट्रेमध्ये ठेवून द्यावी. तापलेली सुई टोचून परीक्षा घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने चांगली वस्तू कायमची खराब होते.

हस्तिदंताबद्दल माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नये. भारतात त्याच्या व्यापारावर बंदी आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये केलेला कडक कायदा २०२२ पासून लागू झाला आहे. परदेशात राहणाऱ्यांनी तिथे घेतलेलं जुनं हस्तिदंती नेत्सुके भेट म्हणून घरी आणायचा विचारही करू नये. जुन्या वस्तूसाठी आज हत्ती मरत नाही हे खरं, पण जुन्याच्या आडून नवं विकलं जातं हेही तितकंच खरं.

(दृश्य : क्योतो, मिबू भाग. जुन्या सामुराई वाड्याचं फाटक.)

जपानला जाणं झालं तर क्योतोच्या मिबूमध्ये एका जुन्या सामुराई वाड्यात २००७ पासून फक्त नेत्सुकेचं संग्रहालय आहे. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजपुत्र ताकामादो आणि त्यांच्या पत्नी हिसाको यांच्या संग्रहासाठी वेगळी खोली आहे. या दोघांनी हयात कारागिरांची नेत्सुके आवर्जून घेतली, आणि नव्या संग्राहकाने हाच रस्ता धरावा असं मला वाटतं. इसे किंवा ताकायामातल्या कारागिराकडून थेट घेतलं तर सही खरी की खोटी हा प्रश्नच उरत नाही. लाकूड कुठलं, रंग कशाचा, भोकं इथेच का पाडली, हे त्याला समोर बसून विचारता येतं. घरी आणल्यावर तेल लावू नका, उन्हात ठेवू नका. फार कोरड्या हवेत लाकूड तडकतं, म्हणून काचेच्या कपाटात पाण्याची वाटी ठेवायची पद्धत आहे. आणि रोज ते थोडा वेळ हातात घ्या.