मोगलाई लागली

(पडद्यावर एक कृष्णधवल फोटो. बाभळी, खडी, अरुंद रूळ. गाडी नाही, माणूस नाही.)

हा फोटो मी काढलाय, आणि यात बघण्यासारखं काहीच नाही. तरी छत्तीसच्या रोलमधल्या दोन फ्रेम मी या बाभळींवर घालवल्या. पांगरी आणि येडशीच्या मधली ही जागा. पांगरी इंग्रजी मुलखात, येडशी निजामाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मोगलाईत’. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली. पण मुंबई राज्य आणि हैदराबाद राज्य यांची हद्द १९५६ पर्यंत इथूनच जायची. आणि ती ओलांडत एक छोटी गाडी.

(स्टेशन. फलाटावर दुधाच्या किटल्या, गाठोडी.)

कागदावर ती नॅरोगेज. आमच्या लातूरकडे तिला ‘बार्शी लाईट’ म्हणत, कंपनीच्या नावावरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. १९११ मध्ये ते लातूरला पोचले. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. म्हणून रूळ हलके, पूल हलके, खर्चही हलका.

पुढे हेच नडलं. लातूरच्या अडतीतला माल कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरायचा, तोही हमालांच्या पाठीवरून. दारात ट्रक उभा राहायला लागल्यावर हा उपद्व्याप कोण करणार? घाईची माणसं एसटीने जाऊ लागली. गाडीत उरले ते वेळ असणारे, आणि तिकिटाचे चार पैसे वाचवणारे.

मी १९९८ च्या पावसाळ्यात कॅमेरा घेऊन निघालो. कॅमेरा मामांचा, रोल माझ्या पैशाचे. पहिले सगळे रोल इंजिनावर उडवले. समोरून इंजिन, बाजूने इंजिन, वळणावर इंजिन. आज पाहिलं की सगळे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे वाटतात. एक रोल आषाढीचा होता. टपावर बसलेले वारकरी, खिडक्यांतून बाहेर आलेल्या पताका. तो धुणाऱ्याने उजेडात उघडला. माझ्याकडे त्या वारीची फक्त काळी पट्टी आहे.

(जवळून: खिडकीचा गज. मागे अस्पष्ट हात.)

आता हा हात बघा. फोकस गजावर गेलाय, चूक माझीच. मुरूडचे एक आजोबा समोर बसले होते. येडशीचा घाट आला, गाडी धापा टाकायला लागली, आणि बोलता बोलता त्यांचा हात कोपरीच्या खिशावर गेला. खिसा चाचपून परत मांडीवर.

म्हटलं, “आजोबा, काही हरवलं का?”

“न्हाय रं. मोगलाई लागली.”

लहानपणी ते वडिलांबरोबर बार्शीच्या बाजाराला जायचे. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा रुपया, कलदार. सहा कलदारांना सात हाली, हा भाव त्यांना पाढ्यासारखा पाठ. वडील धोतराच्या सोग्याला दोन गाठी मारायचे, एकीत हाली, दुसरीत कलदार. परतताना करोडगिरीवाले जकातीसाठी सामान उघडायचे, म्हणून घाटात शिरलं की पोरानेही आपला खिसा दाबून धरायचा. नाणी बदलली, नाके उठले. हाताला कुणी कळवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी इंजिन सोडलं.

(रंगीत. मोठे रूळ, टँकरच्या वाघिणी.)

मोठ्या लाईनची मागणी आमचीच होती, उगाच गळा काढण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद–कुर्डुवाडी मोठी लाईन सुरू झाली. छोटी लाईन उस्मानाबाद शहराला कधी शिवली नव्हती. नवी वळसा घेऊन तिथे गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाच टनी आसाच्या गाडीला हे जमलं नसतं.

(पुन्हा पहिला फोटो.)

हा फोटो काढताना आजोबा खिडकीतून माझ्याकडे बघत होते. गाडी क्रॉसिंगला थांबली होती, तेवढ्यात मी उतरून मागे पळत गेलो होतो. मुरूडला उतरताना त्यांनी विचारलं, “तिथं काय काढलंस?”

“हद्द.”

पुढच्या खेपेला फोटो घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, लांब धरला, मग बाभळींच्या डावीकडे बोट टेकवलं.

“हितनं मोगलाई. तू इंग्रजीत हुबा हुतास.”