मुलाला पेलेल तेवढंच

(सोलापुरात प्राथमिक शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांची दैनंदिन सुरक्षितता’. एवढं लांबलचक नाव ऐकूनही तुम्ही या उन्हात आलात, म्हणजे विषयाची गरज तुम्हाला माझ्याइतकीच वाटते, असं धरून चालतो.

शाळेत सुरक्षेचं शिक्षण म्हणजे काय चालतं, हे इथल्या गुरुजींना आणि बाईंना मी सांगायला नको. भिंतीवर एक तक्ता असतो. वर्षातून एकदा सप्ताह येतो, घोषवाक्यांची स्पर्धा होते, प्रभातफेरी निघते, फोटो ग्रुपवर जातात. दुसरीतलं पोर उभं राहून घडाघडा म्हणतं, ‘रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे.’ आपण टाळ्या वाजवतो. त्यालाच म्हणा, ‘बाळा, उजवा हात वर कर.’ बऱ्याचदा डावा वर जातो.

त्यात पोराचा दोष नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला काय पेलतं आणि काय पेलत नाही, हे आपण बघतच नाही. येणारी मोटरसायकल किती वेगात आहे, याचा अंदाज त्या वयात नीट येत नाही. गाडी लांब दिसली की मूल धरून चालतं, वेळ आहे. आवाज कुठल्या बाजूने आला, हेही त्याला आपल्याएवढं पटकन कळत नाही. आणि समोर कुल्फीवाला उभा असेल तर बाकीचा रस्ता त्याच्यापुरता नाहीसाच होतो. अशा मुलाला ‘गाडीचा अंदाज घेऊन रस्ता ओलांड’ असं शिकवण्यात काय अर्थ आहे? त्याला दोनच गोष्टी शिकवा. रस्त्याच्या कडेला पाय थांबलाच पाहिजे, आणि मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय पुढे जायचं नाही. नऊ-दहा वर्षांचं होईपर्यंत अंदाज घेण्याचं काम आपलं.

हे सूत्र मला सगळीकडे लावायचंय. मुलाला जे पेलतं ते हाताने, पायाने करून घ्या, दहा वेळा घ्या. जे पेलत नाही ते त्याच्या गळ्यात मारू नका, ते आपण करा. आपण नेमकं उलटं करतो. जे आपण करायचं ते मुलाला सांगतो, आणि जे त्याच्याकडून करून घ्यायचं ते तक्त्यावर लिहितो.

आपल्या जिल्ह्याचं उदाहरण घेऊ. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागते, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. शाळा सुटल्यावर पोरं मागच्या ट्रॉलीमागे पळत कांडं ओढतात, हे आपल्यापैकी निम्म्यांनी लहानपणी केलेलं आहे, हसू नका. ‘ट्रॉलीमागे पळू नका’ हे मुलांना पाठ आहे. पण खरा धोका वळणावर असतो. ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागच्या ट्रॉल्या त्याच्या चाकोरीतून जात नाहीत, त्या आतल्या बाजूला सरकतात. ट्रॅक्टर लांबून गेला म्हणून कोपऱ्यावर निर्धास्त उभं असलेलं मूल मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली येऊ शकतं. आणि ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, गाण्यांच्या आवाजात ऐकूही येत नाही.

हे समजावून सांगायला गेलात तर पोरं जांभया देतात. त्याऐवजी मैदानावर फक्कीने काटकोनातला रस्ता आखा. तीन मुलं एकामागे एक उभी करा, पहिला ट्रॅक्टर, मागचे दोघे ट्रॉल्या. दोघादोघांमध्ये एक लांब काठी, दोन्ही टोकं हातात घट्ट. मागच्यांनी स्वतःच्या मनाने चालायचं नाही, काठी ओढेल तिकडे जायचं. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात, रेषेला लागून, एक रिकामं खोकं ठेवा. ते खोकं म्हणजे आपला कोपऱ्यावर उभा राहिलेला मित्र. पहिला मुलगा रेषेवरून बरोबर वळतो, खोक्याला धक्काही लागत नाही. तिसरा मात्र खोक्यावर जाऊन आदळतो. एका शाळेत चौथीतला एक जण ओरडला, ‘का बे, मी सरळच चाललो होतो!’ झालं, धडा तिथेच संपला. नंतर मुलांनाच विचारा, मग उभं कुठे राहायचं? कोपऱ्यापासून किती पावलं मागे जायचं, ते ती स्वतः मोजून सांगतात.

आता मोठ्यांची बाजू. मोटर वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार चार वर्षांवरच्या मुलालाही दुचाकीवर हेल्मेट लागतं. हात वर करायला सांगत नाही, बाहेरच्या गाड्या मी येताना बघितल्यात. शाळेच्या रिक्षात चालकाच्या सीटवर दोन्ही बाजूंना मुलं, दप्तरं बाहेर लटकलेली, हे रोजचं दृश्य आहे. त्या मुलाला आपण काय शिकवणार? ‘घट्ट धरून बस’?

आता गर्दीबद्दल. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, होम मैदानावर पाळणे, दुकानं, मुंगीला वाट मिळत नाही. मूल हरवतं. त्याला कोणी विचारतं, ‘आईचं नाव काय?’ ते सांगतं, ‘आई.’ पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं असेल तर ‘अम्मा’, कन्नड घरातलं असेल तर ‘अव्वा’. वडिलांचं नाव ‘पप्पा’. घर कुठे? ‘तिकडे.’ पहिलीतल्या मुलाला आई-वडिलांचं पूर्ण नाव, एक मोबाइल नंबर आणि घराजवळची ठळक खूण सांगता यायलाच हवी. सोलापुरात पत्त्यापेक्षा खूणच कामाला येते. कुठल्या चौकाजवळ, कुठल्या देवळाच्या किंवा दर्ग्याच्या मागे, कुठल्या कारखान्याच्या गल्लीत. नंबर चालीवर म्हणायला लावा, पाढ्यासारखा लगेच बसतो. आणि हे घरच्या भाषेतही करून घ्या. घाबरलेलं मूल शाळेची मराठी विसरतं. तेलुगू नाहीतर दखनी बोलणारं मूल त्याच भाषेत रडणार, त्याच भाषेत मदत मागणार.

चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, जिथे आहोत तिथेच थांबायचं. मदत मागायची तर वर्दीतल्या पोलिसाकडे, दुकानात बसलेल्या माणसाकडे किंवा जिच्याबरोबर लहान मुलं आहेत अशा बाईकडे. कोणी ‘चल, आईकडे नेतो’ म्हटलं तरी जागा सोडायची नाही. वर्गात याचं नाटुकलं करा. बाकांच्या रांगा म्हणजे दुकानं. मुलं जागेवर थांबायचा सराव फार गंमतीने करतात, कारण एरवी त्यांना गप्प उभं राहायची शिक्षाच असते.

फोनचं एक सांगतो. तिसरीतल्या मुलाला मोबाइलवर कार्टून शोधता येतं, पण आई बेशुद्ध पडली तर फोन लावता येत नाही, कारण फोनला पॅटर्न असतो. लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावरच ‘इमर्जन्सी’ लिहिलेलं बटण असतं, तिथून ११२ लागतो. आज घरी जाऊन ते बटण मुलाला दाखवा. खरा नंबर लावू नका, पलीकडे माणसं कामात असतात. रुग्णवाहिकेसाठी १०८, मुलांच्या मदतीसाठी १०९८. फोनवर बोलायचा क्रम शिकवा. काय झालं, कुठे झालं, मी कोण, आणि समोरचा सांगत नाही तोवर फोन ठेवायचा नाही.

आता घरात येऊ. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि घरोघरी पत्र्याचा कूलर सुरू होतो. कूलर म्हणजे पाणी, वीज आणि लोखंड एकाच खोक्यात. त्याच्या तीन पिनांच्या प्लगमधली जाडी पिन घरी जाऊन बघा. ती अर्थिंगची पिन आहे. बोर्डात बसत नाही म्हणून किती घरांत ती पकडीने कापलेली असते! आतली वायर पत्र्याला चिकटली तर करंट त्या पिनेतून जमिनीत जायला हवा. पिनच नसेल तर तो ओल्या हाताच्या, अनवाणी पोरातून जातो. आणि आपण पोराला सांगतो, ‘कूलरला हात लावू नको.’ पोराचा चेंडू कूलरखाली गेला तर ते हात लावणार नाही, असं तुम्हाला वाटतं? प्लग बदला, अर्थिंग तपासून घ्या, जमलं तर ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवा. पाणी भरताना प्लग काढलेला असू द्या. ज्यांच्या घरात किंवा घराला लागून यंत्रमाग आहेत त्यांना तर हे दुप्पट लागू. मुलाला एवढंच शिकवा, कोणी चिकटलं तर त्याला शिवायचं नाही, ओरडून मोठ्या माणसाला बोलवायचं, आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला बोट दाखवून सांगता आलं पाहिजे.

पाण्याचंही तसंच. वर्षानुवर्षं आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड आलं, त्यामुळे हौद, बॅरल, पिंपं ही आपल्या घरांची सवय झाली. चालायला लागलेलं लेकरू पिंपात डोकावतं आणि डोकं जड असल्यामुळे उलटं पडतं. पाणी वीतभर असलं तरी त्याला बाहेर येता येत नाही. आई विड्या वळायला बसलेली, धाकट्याला सांभाळायला दुसरीतली ताई. त्या ताईच्या भरवशावर उघडं पिंप ठेवू नका. झाकण घट्ट बसवणं हे आपलं काम. ताईला दुसरी गोष्ट शिकवा. विहिरीत किंवा कॅनॉलमध्ये कोणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. एक पडला की वाचवायला दुसरा जातो, असंच होतं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून, दोरीला बांधून फेकायचा. बुडणाऱ्याचं तोंड पाण्यावर राहायला तेवढाही आधार पुरतो. दोरी-कॅन फेकायचा सराव मैदानावर घ्या, नेम लागायला वेळ लागतो.

शेतकरी पालकांना एक हात जोडून विनंती. तणनाशक, कीटकनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवू नका. मूळ डब्यावर रंगाचा चौकोन असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल. तो मुलांना ओळखता येतो. पण बाटली बदलली की ती ओळख गेली. आणि कोणी प्यालंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. तो डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना.

कुत्रा चावला तर मूल घरी लपवतं, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. कारण ‘तू कशाला गेलास तिकडे’ म्हणून आधी धपाटा बसतो. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, पण वेळेत लस घेतली तर वाचतो. म्हणजे पोराचा जीव त्या धपाट्यावर अवलंबून! जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखा पाळा. कुत्र्याने खरचटलं, जखम चाटली, तरी सांगायचं, हे मुलाला माहीत पाहिजे. आणि सांगितल्यावर मार बसणार नाही, हेही.

हाच धागा शेवटच्या विषयाकडे नेतो, आणि इथे मी थोडा थांबणार आहे. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ हे आपण शिकवतो. शिकवावं. पण २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीतले किंवा विश्वासातले निघाले. काका, शेजारी, शिकवणीवाले, गाडीवाले. म्हणजे अनोळखी माणसाचा तक्ता निम्मं घर उघडंच ठेवतो.

मुलांना शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं सांगा, लाजू नका. जे बोलायला बंदी आहे, त्याबद्दल मूल तक्रार कशी करणार? चड्डीच्या आतल्या जागेला आंघोळ घालताना आई आणि तपासताना आईसमोर डॉक्टर, बाकी कोणी हात लावायचा नाही. ‘हे आपलं गुपित, कोणाला सांगू नको’ असं मोठा माणूस म्हणाला की ते गुपित लगेच सांगायचं. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. अशी तीन माणसं मुलाने स्वतः निवडावीत. त्यात तुमचं नाव आलं नाही तर रुसू नका. आणि पाहुण्यांचा पापा घ्यायला मुलाला बळजबरी करू नका. घरी त्याच्या ‘नको’ला किंमत नसेल तर बाहेर ते ‘नको’ म्हणणार नाही.

पण एक लक्षात ठेवा. मूल ‘नको’ म्हणू शकेलच असं नाही. भीतीने ते थिजतं, आवाज फुटत नाही. म्हणून मूल काही सांगायला आलं तर ‘तू ओरडलास का नाहीस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘नक्की ना?’ हे तीन प्रश्न तोंडातून काढायचे नाहीत. ‘बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही’ एवढं बोला आणि ऐका. खोदून खोदून विचारू नका, दहा जणांसमोर पुन्हा वदवून घेऊ नका.

आणि मग शाळेची बदनामी होईल, मुलीचं पुढे कसं होईल, असले विचार करत बसायला कायदा आपल्याला मोकळीक देत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाने केलेलं मुख्याध्यापकांनी दडवलं तर त्यांना जास्त शिक्षा. पालकांची भीती असते ती पोलीस चौकीची. त्याच कायद्यात लिहिलंय की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि वर्दी न घालता. रात्री मुलाला चौकीत थांबवून घ्यायचं नाही. हे पालकांना माहीत नसतं, म्हणून ते माघार घेतात. गुरुजींनी, बाईंनी ते सांगायला त्यांच्याबरोबर उभं राहावं.

आता काही विचारायचं असेल तर विचारा. चहा येतोय. ज्यांना काठ्यांचा खेळ बघायचाय त्यांनी चहा घेऊन मागच्या पटांगणात या, फक्की आणलेली आहे.