नकाशा एका दिवसात, हुद्दे पाच वर्षांत

नमस्कार श्रोतेहो. आज चीनच्या सैन्याविषयी बोलू या. रणगाडे किती आणि क्षेपणास्त्रं किती, हा हिशेब तुम्ही पुष्कळदा ऐकला असेल. वीस लाखांच्या सैन्यात कुणी कुणाचा हुकूम मानायचा हे कसं ठरतं, आणि ते बदलायला गेलं की कुठे अडतं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी बीजिंगमध्ये पाच नव्या थिएटर कमांडना त्यांचे ध्वज देण्यात आले. थिएटर कमांड म्हणजे एका प्रदेशातलं भूदल, नौदल आणि हवाई दल एकाच प्रमुखाखाली लढवणारं मुख्यालय. पूर्वेची नानजिंगला, दक्षिणेची ग्वांगझोला, पश्चिमेची चेंगडूला, उत्तरेची शेनयांगला आणि मध्य कमांड बीजिंगला. त्याआधी १९८५ पासून सात लष्करी विभाग होते आणि १९८५ च्या आधी अकरा. म्हणजे रेषा पुसून नव्या आखणं चीनला नवं नव्हतं.

या खेपेला त्या रेषांच्या आतली व्यवस्थाही बदलायची होती. जुना विभागप्रमुख भूदलाचाच माणूस असे. त्याच्या हद्दीतली विमानं आणि युद्धनौका आपापल्या मुख्यालयाकडे बघत. क्षेपणास्त्र दल तर थेट केंद्रीय लष्करी आयोगाच्या, म्हणजे सगळ्या सैन्याच्या वर बसलेल्या सर्वोच्च मंडळाच्या हातात. लढाई आली की मगच सगळ्यांना जोडून संयुक्त मुख्यालय उभं करायचं, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची. शिवाय भूदलाला स्वतःचं वेगळं मुख्यालयच नव्हतं. स्टाफ, राजकीय, रसद आणि शस्त्रास्त्र ही चार मोठी खातीच ते काम करत आणि तीच सगळ्या सैन्यावर वचक ठेवत. ३१ डिसेंबर २०१५ ला भूदलाचं मुख्यालय वेगळं काढलं. जानेवारी २०१६ मध्ये ती चार खाती मोडून आयोगाच्या हाताखाली पंधरा छोटी कार्यालयं केली. नवं सूत्र असं ठरलं: आयोगाने एकूण कारभार बघायचा, थिएटर कमांडने लढायचं, आणि भूदल, नौदल, हवाई दल यांनी सैन्य घडवायचं.

सूत्र सुटसुटीत आहे, अंमल तसा नाही. चेंगडूच्या कमांडखालचं भूदल मुख्यालय घ्या. लढाईचा हुकूम थिएटर कमांडरचा. भरती, साहित्य आणि मूळ प्रशिक्षण बीजिंगच्या भूदल मुख्यालयाकडे. एखाद्या ब्रिगेडने या महिन्यात थिएटरच्या संयुक्त सरावाला जायचं, की आपल्या दलाने लावलेला नेमबाजीचा कार्यक्रम पुरा करायचा? दोन्ही हुकूम रास्त. आता गाठ अशी, की थिएटर कमांड आणि दलाचं मुख्यालय या दोघांची श्रेणी एकच ठेवलेली आहे. बरोबरीचा बरोबरीच्याला हुकूम देऊ शकत नाही. वाद वर, आयोगाकडेच न्यावा लागतो.

ही श्रेणीची भानगड नीट समजून घ्यायला हवी, कारण चिनी सैन्याचा खरा कणा तीच होती. हुद्दा म्हणजे माणसाच्या खांद्यावर दिसतो तो, कर्नल किंवा जनरल. श्रेणी म्हणजे तो ज्या पदावर बसतो त्या पदाची पातळी, आणि ती खांद्यावर दिसत नाही.

१९५५ मध्ये चीनने हुद्दे आणले, दहा सेनानींना मार्शल केलं. १९६५ मध्ये समतेच्या नावाखाली हुद्दे रद्द झाले. सगळ्यांच्या टोपीवर लाल तारा, सगळ्यांच्या कॉलरला लाल पट्टी. अधिकाऱ्याच्या कोटाला चार खिसे आणि शिपायाच्या कोटाला दोन, एवढाच फरक. १९७९ मध्ये व्हिएतनामच्या डोंगरात तुकड्या एकमेकींत मिसळल्या, तेव्हा समोरचा चार खिशांचा माणूस पलटणीचा की रेजिमेंटचा, हे शिपायाला कळेना. एक अधिकारी पडला की पुढे सूत्रं कुणी घ्यायची, हेही खांद्यावर दिसत नव्हतं. १९८८ मध्ये हुद्दे परत आले.

पण मधल्या तेवीस वर्षांत कारभार पदश्रेणीवर चालला होता आणि ती श्रेणी गेली नाही. अधिकाऱ्यांचे हुद्दे दहा, सेकंड लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत. श्रेणी पंधरा, प्लाटूनप्रमुखापासून आयोगाच्या अध्यक्षापर्यंत. एका श्रेणीला दोन हुद्दे चालत. उपकोअरप्रमुखाच्या श्रेणीत मेजर जनरल असे, तसाच सीनियर कर्नलही. त्याखालच्या डिव्हिजनप्रमुखाच्या श्रेणीत सीनियर कर्नल असे, तसाच मेजर जनरलही. म्हणजे खांद्यावर कमी तारे असलेला माणूस श्रेणीने वरचा ठरू शकत होता. मान चाले श्रेणीचा. एकाच युनिटात हे निभतं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. संयुक्त मुख्यालयात नौदलाचा, हवाई दलाचा आणि क्षेपणास्त्र दलाचा अनोळखी अधिकारी एका टेबलाशी बसतो, तिथे खांद्याकडे बघून ज्येष्ठ कोण हे कळलंच पाहिजे.

त्यात २०१७ ची मोडतोड आली. ग्रुप आर्मी, म्हणजे कोअरच्या पातळीच्या मोठ्या फौजा, अठरा होत्या, त्यांच्या तेरा झाल्या आणि त्यांना ७१ ते ८३ असे नवे क्रमांक मिळाले. भूदलातल्या बहुतेक डिव्हिजन आणि रेजिमेंट काढून ग्रुप आर्मी, ब्रिगेड, बटालियन अशी थेट साखळी केली. साखळी आखूड झाली हे चांगलंच. पण डिव्हिजनप्रमुख आणि रेजिमेंटप्रमुख या श्रेणींची नावंच ज्या युनिटांवरून पडली होती, ती युनिटं उरली नाहीत. बढतीच्या शिडीच्या मधल्या पायऱ्या निखळल्या. शिवाय रेजिमेंटचा स्टाफ पूर्वी जी कामं करी, ती बटालियन कमांडरच्या अंगावर आली. तोफा, इंजिनिअर, टेहळणी, सगळं एकट्याने जुळवायचं. म्हणून बटालियनलाही स्टाफ अधिकारी द्यावे लागले.

अखेर १ जानेवारी २०२१ पासून अधिकाऱ्यांसाठी नवे नियम लागू झाले आणि श्रेणीऐवजी हुद्दा मुख्य धरला गेला. मार्च २०२२ मध्ये सार्जंट वर्गाची नियमावली बदलली आणि तिथे तीन स्तरांत सात हुद्दे ठरले. नकाशा एका दिवसात बदलला होता. हुद्द्यांकडे वळायला पाच वर्षं गेली. हे आधी करायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिले पाचही थिएटर कमांडर भूदलाचेच होते. दक्षिण कमांडवर नौदलाचे युआन युबाई आले ते २०१७ मध्ये.

आपल्यासाठी यात महत्त्वाची ती पश्चिम कमांड. लडाखपासून अरुणाचलपर्यंतची सगळी सीमा एकट्या चेंगडूकडे आहे. आपल्या बाजूला भूदलाचंच बघा: लडाखसाठी उधमपूर, उत्तराखंडासाठी लखनौ, सिक्कीम-अरुणाचलसाठी कोलकाता. हवाई दलाच्या कमांड आणखी वेगळ्या. भारतात भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन, अशा सतरा कमांड आहेत.

आपल्या दारातलं उदाहरण घ्या. भूदलाची दक्षिण कमांड पुण्यात, तिचा आरंभ १८९५ चा. नौदलाची पश्चिम कमांड मुंबईत. हवाई दलाची नैऋत्य कमांड गांधीनगरला. पश्चिम किनाऱ्यावर काही घडलं तर या तिघांना एकत्र यावं लागतं. तिघांचे प्रमुख म्हणजे लेफ्टनंट जनरल, व्हाइस ॲडमिरल आणि एअर मार्शल. तिन्ही हुद्दे समान, आणि एकाने दुसऱ्याला हुकूम द्यावा अशी सोय नाही.

भारतातही थिएटर कमांड आणायचा विचार आहे आणि त्याआधीची एक पायरी भारताने चढलेली आहे. तिन्ही दलांची माणसं एकत्र काम करतात अशा संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला पूर्वी दुसऱ्या दलाच्या जवानावर शिस्तीची कारवाई करता येत नसे. जवानाला त्याच्या मूळ युनिटकडे परत पाठवावं लागे. २०२३ च्या कायद्याने तो अधिकार दिला आणि १० मे २०२४ पासून कायदा लागू झाला. तिन्ही दलांचे जुने कायदे जसेच्या तसे आहेत, बदलला आहे तो त्यांच्याखाली शिक्षा देणारा हात. आता प्रश्न राहतो तो थिएटर कमांडरच्या खांद्याचा. त्याला तीनच तारे, म्हणजे लेफ्टनंट जनरलचा दर्जा दिला, तर तो पुण्याच्या, मुंबईच्या आणि गांधीनगरच्या प्रमुखांच्या बरोबरीचा. चार दिले, तर तो तिन्ही दलप्रमुखांच्या बरोबरीचा.