गुरुवारच्या आत सांग

(दृश्य: तलावपाळी, रविवार रात्र. कट्ट्यावरची गर्दी, मागे गडकरी रंगायतन.)

ठाण्यात रविवारी रात्री नऊनंतर तलावपाळीला आलात की कट्ट्यावर बसायला जागा मिळणं म्हणजे नशीबच, बोटिंगची गर्दी, कुल्फी, फुगे, जेवून शतपावलीला आलेले आजी-आजोबा, आणि या सगळ्या गोंगाटात एका बाजूला पाच-सहा जणांचं टोळकं हातवारे करून भांडताना दिसेल. घाबरू नका, फ्लॅटच्या वाटणीचा वाद नाहीये, पिक्चरवरून चाललंय.

हा आमचा ग्रुप. मीही त्यातलाच, फक्त आज कॅमेऱ्याच्या मागे आहे म्हणून जरा सभ्यपणे बोलतोय. खरी नावं सांगायची नाहीत असं ठरलंय, कारण यातल्या एकाने ऑफिसात पोट बिघडल्याचं सांगून सकाळचे शो बघितलेत, त्यामुळे ग्रुपवर जी नावं पडलीत तीच चालवू. हा बँकवाला. हा कळवेकर. ही डॉक्टरीण, म्हणजे ती डॉक्टर नाहीये, मेडिकलच्या दुकानात बसते, पण प्रत्येक पिक्चरचं निदान करते. ही मानपाड्याची ताई, हा बारक्या, आणि ते बाकावर टेकलेले काका.

आता कोणी काही बघून आलं की ग्रुपवर मत टाकतं, ते सगळीकडेच टाकतात, त्यात काय नवीन. पण आमच्याकडे मत वाचायच्या आधी ते कोणी टाकलंय ते बघतात. कळवेकर न आवडलेल्या पिक्चरला कधीच नावं ठेवत नाही, त्याचा चुलतभाऊ सिरियलच्या सेटवर लाईटमन आहे आणि एका सीनमागे किती माणसं राबतात ते त्याने डोळ्याने बघितलंय, म्हणून तो नुसतं कॅमेऱ्याचं कौतुक करतो. ‘फ्रेम काय लावल्यात रे’ असा मेसेज आला की आम्ही समजतो, स्टोरीत दम नाही. ताई रडली यावरून काहीच कळत नाही, ती सोनारांच्या जाहिराती बघूनही रडते, पण ताई कोरड्या डोळ्याने बाहेर आली तर मात्र विचार करावा लागतो. बँकवाल्याला इंटरव्हलच्या आत काहीतरी घडायला लागतं. बारक्या लेटरबॉक्स्डवर, म्हणजे पिक्चरला स्टार द्यायच्या अ‍ॅपवर, अर्धा अर्धा स्टार तोलून देतो आणि काहीही संथ असलं की त्याला आवडतं, म्हणजे आवडतंच.

म्हणून बारक्याने साडेचार स्टार दिले आणि बँकवाला अर्ध्यातून झोपला, तर डॉक्टरीण त्या पिक्चरला डोळे झाकून जाते, तिला तसलेच लागतात. एका नकारातून तिला तिकीट काढायचं कारण मिळतं. तिकीट बुकिंगच्या अ‍ॅपवर बघा, जवळजवळ प्रत्येक पिक्चरला दहापैकी नऊच्या आसपास मिळालेले असतात, आता ते देणारा माणूस आमच्या बारक्यासारखा आहे की बँकवाल्यासारखा हे मला कुठून कळणार? हजारो अनोळखी लोकांचं ‘मस्ट वॉच’ घेऊन मी काय करू, मला आपला एक ओळखीचा कुरकुऱ्या बरा.

(दृश्य: मोबाईलच्या स्क्रीनवर शोची यादी, बोट वर-खाली.)

सप्टेंबर 2025 ची गोष्ट सांगतो. 6 तारखेला अनंत चतुर्दशी झाली, बाप्पा गेले, आणि पुढच्याच शुक्रवारी, 12 तारखेला, तीन मराठी पिक्चर एकदम लागले. दशावतार, बिन लग्नाची गोष्ट आणि आरपार. तिन्ही एकाच दिवशी! नोकरी, लोकल, घरचं सगळं सांभाळून माणूस आठवड्यात एक पिक्चर बघणार, फार तर दोन, आणि इथे तिघं एकमेकांच्या मांडीवर बसलेले. हे पहिल्यांदा झालं असंही नाही, त्याच वर्षी 1 मे ला गुलकंद आणि आता थांबायचं नाय असेच एकत्र आले होते.

आता यात कळीचा मुद्दा आहे तो वाराचा. शुक्रवारी पिक्चर लागतो, शनिवार-रविवार कळतं लोक येतायत की नाही, सोमवारी-मंगळवारी किती टिकलाय ते बघतात, आणि पुढच्या शुक्रवारपासून कोणाला किती शो द्यायचे ते बुधवार-गुरुवारपर्यंत ठरतं. सोमवारी थिएटर रिकामं दिसलं की संध्याकाळचा शो जातो, सकाळी दहाचा उरतो. सकाळी दहाला कामाच्या दिवशी कोण येणार? मग तिथेही गर्दी नाही, मग तोही जातो. 2015 साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सनी मराठी पिक्चर दुपारी 12 ते रात्री 9 या वेळात लावावा असं ठरवलं, पण 12 ते 9 मध्ये मंगळवारी दुपारी साडेबाराही येतं हो. त्यामुळे एखाद्याला पिक्चर आवडला आणि त्याने तो पुढच्या रविवारी कट्ट्यावर येऊन सांगितला तर तोपर्यंत खेळ खल्लास, आपण ‘अरे वा, बघायला पाहिजे’ म्हणायचं आणि घरी जायचं. आमच्या ग्रुपचा म्हणून एकच कायदा आहे, बघितलंस ना, मग गुरुवारच्या आत सांग, शिव्या घालायच्या असतील तरी गुरुवारच्या आत घाल.

तर त्या तीन पिक्चरच्या वेळी आम्ही वाटून घेतलं. दशावतार कळवेकराला दिला, तो मूळचा कुडाळकडचा, तो नाहीतरी जाणारच होता. पितृपक्ष चालू आहे, नवीन काही नको असं त्याच्या आईचं म्हणणं होतं, पण पिक्चर बघणं नवीन खरेदीत धरत नाहीत असं त्यानेच परस्पर ठरवलं. रात्री सव्वाबाराला ग्रुपवर व्हॉइस मेसेज. सगळ्यांनी कान टवकारले, आता हा फ्रेमबद्दल बोलतो की काय. एक शब्द नाही! कॅमेऱ्याचा क उच्चारला नाही पठ्ठ्याने. तो बोलत होता ते फक्त दिलीप प्रभावळकरांबद्दल, 81 वर्षांचा माणूस, आणि तो म्हातारा दशावतारी नट तोंडाला रंग लावतो तेव्हा हात कसा चालतो त्याबद्दल, आणि गावाला देवळासमोर रात्रभर दशावतार बघताना त्याचे आजोबा पहाटे उठवून सांगायचे, उठ, आता युद्ध आहे, त्याबद्दल. दहा मिनिटांचा मेसेज. बँकवाल्याने तो दीडपट स्पीडला ऐकला आणि सोमवारची पाच तिकिटं काढली.

अर्थात नंतर कट्ट्यावर दुसरी बाजूही निघाली, डॉक्टरीण म्हणाली दुसऱ्या भागात तो जरा जास्तच फिल्मी झालाय, कळवेकर म्हणाला कोकणात राहून बघ मग कळेल फिल्मी म्हणजे काय, आणि त्यावर कुल्फी वितळेपर्यंत वाद झाला. माझं मत विचाराल तर मी डॉक्टरीणबाईंच्या बाजूला, पण प्रभावळकरांसाठी परत जाईन.

(दृश्य: वंदना एसटी स्टँडची पाटी, रिक्षांची रांग.)

काकांना हा गुरुवारचा कायदा म्हणजे पोरखेळ वाटतो. ते ज्या ठाण्यातले आहेत तिथे वंदना हे टॉकीज होतं, आता टॉकीज गेलं आणि नाव एसटी स्टँडला राहिलं. मल्हारला उतर, वंदनाला वळ, असे पत्ते आम्हीही सांगतो. काका म्हणतात तेव्हा पिक्चर कसा आहे ते कळायलाच दोन-तीन आठवडे जायचे, कोणीतरी दादरला बघून यायचा, तो लोकलमध्ये सांगायचा, मग आपण जायचो, आणि तरी पिक्चर जागेवर असायचा. ते खरंच आहे. दादा कोंडक्यांच्या सलग नऊ पिक्चरनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे प्रत्येकी 25 आठवडे, गिनीज बुकात नाव गेलं. 25 आठवड्यांत शिफारस बैलगाडीतून आली तरी चालेल. आता ती फोनवर सेकंदात येते आणि तरी आपण उशिरा पोचतो, कारण ‘ओटीटीवर आला की बघू’ हे वाक्य आपल्या तोंडात बसलंय. आणि ओटीटीवर आला की वॉचलिस्टमध्ये टाकायचा, की झालं.

पैशाचंही आहे, नाही असं नाही. चौघांचं कुटुंब घोडबंदरहून निघालं तर तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग, वर त्या रस्त्यावरचं ट्रॅफिक. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के झाला, वरच्या तिकिटाला 18 टक्के तसाच. मंगळवारची एखादी ऑफर सोडली तर मॉलमध्ये शंभरच्या आतलं तिकीट शोधून दाखवा आणि माझ्याकडून भेळ घ्या. म्हणून लोक शिफारस मागतात तेव्हा खरं तर ते विचारत असतात, माझे एवढे पैसे आणि अख्खा रविवार जाणार आहे, तू जबाबदारी घेतोस का?

सगळ्यात अवघड शिफारस वाळवीची होती. 13 जानेवारी 2023, संक्रांतीच्या तोंडावर आला होता, परेश मोकाशींचा. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोच्या खुनाचा प्लॅन करतात, आत्महत्या वाटावी असा, एवढं सांगितलं तर चालतं, यापुढे एक वाक्य बोललं की समोरच्याचं नुकसान. आता मत तर द्यायचंय, गुरुवारच्या आत द्यायचंय, आणि काहीच सांगायचं नाही! ताई त्या आठवड्यात अक्षरशः फुटायला आली होती. ती काय करायची, जो बघून येईल त्याला तलावाला एक चक्कर मारायला बाजूला न्यायची आणि चक्कर पूर्ण होईपर्यंत बोलून घ्यायची, आणि न बघितलेले कट्ट्यावर बसून ते दोघं लांबून कसे हसतायत ते बघायचे. त्यांना बघूनच उरलेल्यांनी तिकिटं काढली. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ताईने ग्रुपवर स्वतःचंच अभिनंदन करून घेतलं.

ताईचंच दुसरं टोक म्हणजे बाईपण भारी देवा, 2023 च्याच जूनअखेरचा. तिथे आमचा ग्रुप काहीच कामाचा नव्हता. ते सगळं सोसायटीच्या मंगळागौर ग्रुपवर, भिशीत, शाळेच्या गेटवर चाललं होतं, बायका नऊवारी नेसून, नथ घालून एकत्र थिएटरला जात होत्या, शेवटी पडद्यासमोर फुगड्या घालत होत्या. बारक्याने अडीच स्टार दिले, ताई म्हणाली तुझ्या आईला विचार किती देते ते. आई दोनदा जाऊन आली होती.

आणि ठाण्याचा विषय निघालाच आहे तर धर्मवीर. 2022 चा, आनंद दिघे साहेबांवरचा. तो बघून आलेल्या कोणाचंच मत आम्हाला पिक्चरचं मत म्हणून वापरता आलं नाही. टेंभी नाक्यावर वाढलेला माणूस तो बघताना अभिनय बघतच नाही हो, गल्ली बरोबर दाखवलीय का, तेव्हा तिथे ते दुकान होतं का, प्रसाद ओक चालतात ते तसंच वाटतं का, हेच बघतो. काका तीन दिवस फक्त चष्म्याबद्दल बोलत होते.

(दृश्य: ठाणे स्टेशन, ट्रान्स हार्बरची गाडी.)

त्या सप्टेंबरकडे परत येतो, कारण त्यातला एक पिक्चर राहिला. 19 तारखेला साबर बोंडं लागला. रोहन कानवडेंचा, त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला जागतिक विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलेला. बारक्या पहिल्याच दिवशी गेला, साडेचार स्टार. बँकवाला म्हणाला बारक्याचे साडेचार म्हणजे माझी झोप. पण डॉक्टरीणने धरून ठेवलं, म्हणाली यावेळी सगळे जाऊ, नंतर भांडू. ठाण्यात आम्हाला जमेल अशा वेळेला शोच उरला नव्हता, वाशीला संध्याकाळचा मिळाला, बुधवारचा. नवरात्र चालू, टेंभी नाक्याच्या देवीची गर्दी, त्यातून वाट काढत नऊ-दहा नंबर फलाट गाठला आणि निघालो.

वडील गेलेत, मुंबईतला मुलगा दहा दिवसांसाठी गावी आलाय, नातेवाईक लग्नाचं विचारून पिच्छा सोडत नाहीत, आणि तिथे त्याचा लहानपणीचा मित्र भेटतो. एवढंच आहे, आणि घाई अजिबात नाही. परतीच्या गाडीत सानपाडा यायच्या आधी सुरू झालं. बँकवाला म्हणाला काही घडतच नाही यार, मात्र झोपला नव्हता, मी बाजूलाच होतो. ताईचे डोळे कोरडे. कळवेकराने कॅमेऱ्याचं नाव काढलं आणि मग स्वतःच म्हणाला नाही नाही, यावेळी खरंच फ्रेमबद्दल बोलतोय. काका कोपरखैरणेला म्हणाले, माझे वडील गेले तेव्हा दहाव्या दिवसापर्यंत असंच चालू होतं, ह्याला मुलगी बघा म्हणून, आणि तेव्हा मला कोणाशी बोलावंसं वाटत होतं ते मी घरात कधी सांगितलं नाही. बारक्याने विचारलं, कोणाशी? तर म्हणाले, ऐरोली आलं, बॅग बघ तुझी.

आता ग्रुपवर काय टाकायचं, हातात एक दिवस. एकमत होईना म्हणून बारक्याने सगळ्यांचं जसंच्या तसं टाकलं, कोण काय बोललं ते नावासकट, बँकवाला जागा होता हेही. दुसऱ्या दिवशी ताईच्या नणंदेने दोन तिकिटं काढली. आमच्यातल्या नक्की कोणाचं ऐकून काढली ते विचारलं तर सांगत नाही, आणि कळवेकराचं म्हणणं आहे की ते त्याचंच.