गॅस कधी संपणार? एक सरळ रेषा

नमस्कार श्रोतेहो. मागच्या वर्षी चवथीच्या आदल्या रात्री आमच्या फोंड्याच्या घरी आई नेवऱ्या तळत होती आणि कढई तापलेली असतानाच गॅस गेला, दुसरा सिलिंडर नव्हता, आणि निम्म्या नेवऱ्या शेजारच्या काकींकडे जाऊन तळाव्या लागल्या. तेव्हा मी ठरवलं की यंदा मोजायचं.

घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो 14.2 किलो. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं, आमच्यावर 15.3 होतं. म्हणजे नवा सिलिंडर भरतो 29.5. दहा दिवसांनी काट्यावर ठेवला तर 25.5, म्हणजे दहा दिवसांत चार किलो, दिवसाला 400 ग्रॅम. झालं की! उरलेला गॅस म्हणजे 14.2 वजा 0.4 गुणिले दिवस. साधारण साडेपस्तीस दिवस पुरणार.

आता यातलं 14.2 आपल्या हातात नाही, ते भरूनच येतं, ती झाली सुरुवात. 0.4 मात्र आपल्या चुलीचा वेग, माणसं वाढली की तोही वाढतो. मुलं हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून मी त्यांना पायलटचं, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचं, भाडं विचारते. समजा बसल्याबसल्या 30 रुपये आणि पुढे किलोमीटरला 12. पाच किलोमीटरला होतात 90, मग दहाला किती? सगळा वर्ग ओरडतो 180! अरे बाबांनो, बसायचे 30 एकदाच द्यायचे ना, दुप्पट होतात ते फक्त किलोमीटरचे पैसे, म्हणून 150. हे एकदा डोक्यात बसलं की सरळ रेषेचं समीकरण y = mx + c पाठ करावंच लागत नाही, c म्हणजे ते 30 आणि m म्हणजे 12.

उरलेला गॅस दिवसागणिक कागदावर मांडला की अशीच सरळ रेषा येते, पण ती सरळ कधीपर्यंत, तर वेग तोच असेपर्यंत. यंदा विसाव्या दिवशी 6.2 किलो उरला होता, अगदी हिशोबाप्रमाणे, आणि मग दोन दिवस तळणीचे, त्यात 1.8 किलो गेला, म्हणजे दिवसाला 900 ग्रॅम! कागदावर रेषा तिथे एकदम खाली उतरते. चवथ झाल्यावर पुन्हा वजन केलं, 4.4 उरला होता, तीच नवी सुरुवात धरली आणि वेग परत 0.4, म्हणजे अजून अकरा दिवस. आईने कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलने गोल केला आणि चार दिवस आधीच सिलिंडरसाठी नंबर लावला.