हप्ता बांधून गाडी विकणारा साहेब

राम राम मंडळी. जेवणं-बिवणं आटोपली असतील तर बसा जरा, आज एका अमेरिकन साहेबाबद्दल बोलू.

ली आयाकोका त्याचं नाव. आधी फोर्ड कंपनीचा प्रेसिडेंट, मग तिथून हाकललेला, आणि मग क्रायस्लर नावाची बुडत चाललेली कंपनी वर काढणारा. आता तुम्ही म्हणाल, काहून बाप्पा, दारव्हा-दिग्रसच्या माणसाला डेट्रॉईटच्या साहेबाशी काय करायचं? पण आपल्याकडचा माणूस शोरूममध्ये गेला की इंजिन पाहायच्या आधी काय विचारते? "भाऊ, डाउनपेमेंट किती अन् हप्ता किती?" हा आयाकोका आयुष्यभर तेच पाहत आला, घेणाऱ्याच्या खिशात किती आहे आणि त्याच्या घरी गाडी ठेवायला जागा किती आहे, आणि त्यावरून गाडी ठरवायची.

जन्म १९२४ चा, पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाऊनचा. आईबाप इटलीहून आलेले, बापाचं छोटंसं हॉटेल. पोरगा इंजिनिअर झाला, १९४६ मध्ये फोर्डात ट्रेनी म्हणून लागला, आणि तिथे त्याला क्लचच्या एका स्प्रिंगचं ड्रॉइंग काढायला बसवलं. अख्खा दिवस एका स्प्रिंगमध्ये गेला. म्हणे आपल्याच्यानं हे होणार नाही, आणि गेला सेल्समध्ये. बरं झालं गेला.

१९५६ साली तो फिलाडेल्फिया भागाच्या विक्रीत होता आणि तो भाग विक्रीमध्ये साऱ्यात मागे. याने एक स्कीम काढली. ५६ सालची गाडी ५६ डॉलर महिना. २० टक्के आधी भरा, बाकीचे ३ वर्षं महिन्याला ५६ डॉलर, विषय संपला. गाडीची किंमत काय, व्याज काय, हे कोणी लक्षात ठेवत नाही पण ५६ चा आकडा साऱ्यांच्या तोंडी बसला, आणि ३ महिन्यांत तो शेवटचा भाग पहिल्या नंबरवर आला. मग वरच्या साहेबाने, रॉबर्ट मॅकनामाराने, तीच स्कीम देशभर लावली (हाच मॅकनामारा पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, व्हिएतनामवाला). कंपनीचा हिशेब असा होता की त्या स्कीमने ७५ हजार गाड्या जास्तीच्या विकल्या गेल्या. तिकडे पगारदार माणूस म्हणून महिन्याचा हप्ता, आपल्याकडे कास्तकाराच्या हाती सोयाबीन-कापूस निघाल्यावरच पैसा येते म्हणून ट्रॅक्टरला सहामाही हप्ता. हिशेब दोन्हीकडे एकच, ज्याच्या घरी पैसा जसा येते तसा हप्ता बांधायचा.

१९६० मध्ये, वय ३६, हा फोर्ड डिव्हिजनचा प्रमुख झाला. तेव्हा युद्धानंतर जन्मलेली पोरं वयात येत होती, त्यांना बापासारखी मोठी डबा गाडी नको होती, काहीतरी तोऱ्याची पाहिजे होती, पण पैसे कमी. नवी गाडी पायापासून बनवायची तर खर्च मोठा, आणि एडसेल नावाच्या गाडीने फोर्डचे हात नुकतेच पोळलेले. मग यांनी काय केलं, फाल्कन नावाची साधी, स्वस्त गाडी होती, तिचाच सांगाडा आणि बरेच पार्ट घेतले आणि वर लांब बॉनेट, आखूड मागची बाजू, ४ सीट असं नवं रूप चढवलं. तीच मस्टँग. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आणली, किंमत २,३६८ डॉलर. पहिल्या दिवशी २२ हजार ऑर्डरी! वर्षाला एक लाख विकल्या जातील असा अंदाज होता, वर्षभरात ४ लाखांच्या वर गेल्या. आणि २,३६८ ही नुसती सुरुवात बरं का, मोठं इंजिन घ्या, रेडिओ घ्या, ऑटोमॅटिक गिअर घ्या, यादी लांबलचक, ज्याला जे परवडेल ते.

सांगाडा जुना रूप नवं, हे आपल्याला काही नवीन नाही. टाटा सुमो टाटामोबाईल पिकअपच्या पायावर उभी राहिली, आणि महिंद्राची बोलेरो जुन्या आर्माडामधून निघाली. आपल्या रस्त्यावर या दोन गाड्या काय चालल्या ते मी सांगायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो. मस्टँगचा बाप म्हणून आयाकोकाचं नाव घेतात, पण इंजिनिअर डोनाल्ड फ्रे, प्लॅनिंगवाला हॅल स्पर्लिक, डिझाईनवाली मंडळी, यांची मेहनत त्यात फार होती. मासिकांच्या कव्हरवर फोटो मात्र साहेबाचा आला, टाइम आणि न्यूजवीक दोन्हीवर, एकाच आठवड्यात.

आता त्याच डोक्याची दुसरी बाजू. १९७० च्या शेवटी हा फोर्डचा प्रेसिडेंट झाला, आणि त्याच्या थोडं आधी याने जपानी, जर्मन छोट्या गाड्यांना उत्तर म्हणून पिंटो आणली होती. हुकूम असा की वजन २ हजार पौंडाच्या वर नको आणि किंमत २ हजार डॉलरच्या वर नको, आणि तेही घाईने, एरवी साडेतीन वर्षं लागायची ते काम दोनेक वर्षांत. पेट्रोलची टाकी बसवली मागच्या अॅक्सलच्या मागे. मागून धडक बसली की टाकी फुटायची आणि पेट घ्यायची. माणसं जळाली राजेहो, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९७८ मध्ये जवळपास १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. टाकी त्याने स्वतः नाही बसवली हे खरं, पण आकडा त्याचा होता आणि घाईही त्याची होती, आणि किमतीचा आकडा एकदा देवासारखा मानला की खालचा इंजिनिअर तोंड उघडत नाही. मला तरी यात त्याला सोडून द्यावंसं वाटत नाही. एअरबॅगचंही तेच, १९७१ मध्ये हा आणि मालक हेन्री फोर्ड दुसरे, दोघं राष्ट्राध्यक्ष निक्सनकडे गेले होते, सुरक्षेचे नवे नियम आणि एअरबॅगची सक्ती नको म्हणून. आणि पुढे १९९० पर्यंत याच्याच क्रायस्लरने अमेरिकेत बनणाऱ्या आपल्या साऱ्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग स्टँडर्ड करून टाकली, तसं करणारी तिथली पहिली कंपनी. एवढा बदलला माणूस, की गिऱ्हाईक बदललं हे त्याला आधी समजलं? मला दुसरं जास्त पटते.

तर १९७८ च्या जुलैमध्ये मालकाने याला काढून टाकलं. कंपनीचा नफा त्या काळात चांगला होता. कारण विचारलं तर हेन्री फोर्ड एवढंच बोलले की कधी कधी एखादा माणूस आवडतच नाही. घ्या! ३२ वर्षांच्या नोकरीचा हा हिशेब.

नोव्हेंबरमध्ये तो क्रायस्लरमध्ये गेला तर तिकडे त्याच दिवशी कंपनीने तीन महिन्यांचा जवळपास १६ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. न विकलेल्या गाड्या मैदानात उभ्या, पैसा संपत आलेला. मग हा सरकारच्या दारात गेला, कर्ज नाही मागितलं, कर्जाला थकहमी मागितली, दीडशे कोटी डॉलरची. थकहमी म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडच्या सहकारी सूतगिरण्यांना, साखर कारखान्यांना ती मिळते आणि मग पुढे काय होते हे सारं गाव पाहते. तिकडे जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली, पण अटी कडक होत्या, कामगारांनी पगार सोडावा, बँकांनी सोडावं, सप्लायरने सोडावं. कामगार युनियनचा अध्यक्ष डग्लस फ्रेझर कंपनीच्या बोर्डावर आला. आयाकोकाने स्वतःचा पगार वर्षाला १ डॉलर केला, ते फार गाजलं, पण पुढे शेअरमधून त्याने कोट्यवधी कमावले तेही लक्षात असू द्या, आणि कारखाने बंद झाले तेव्हा घरी बसलेल्या हजारो कामगारांना शेअर-बिअर काही नव्हते. १२० कोटी डॉलर उचलले आणि १९८३ मध्ये, मुदतीच्या ७ वर्षं आधी, सारे फेडले. सरकारने हमीच्या बदल्यात शेअर घ्यायचे हक्क ठेवले होते, ते विकून सरकारने ३१ कोटी डॉलर कमावले. साहेबाने आधी ते हक्क फुकटात परत मागून पाहिले होते म्हणे, लोकांनी चांगलंच सुनावलं.

कर्ज फिटलं ते गाड्यांच्या जोरावर. पहिली के-कार, म्हणजे डॉज एरीज आणि प्लिमथ रिलायंट, ६ माणसं बसणारी, पुढच्या चाकांना ताकद देणारी, पेट्रोल कमी पिणारी. आणि गंमत पाहा, हप्त्याचा एवढा जाणकार माणूस, पण पहिल्या खेपेच्या गाड्या डीलरकडे पाठवल्या त्या पोळ्याच्या बैलासारख्या सजवून, एसी, ऑटोमॅटिक, सारं लावून. स्वस्त गाडी म्हणून आलेला माणूस किंमत वाचून परत जायचा. मग साध्या गाड्या पाठवल्या तेव्हा कुठे विक्रीने वेग धरला. टीव्हीवर जाहिरातीत हा स्वतः उभा राहायचा आणि म्हणायचा, यापेक्षा चांगली गाडी सापडली तर तीच घ्या.

नोव्हेंबर १९८३ मध्ये के-कारच्याच तंत्रावर मिनीव्हॅन आली, डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर. माझ्या मते ही त्याची साऱ्यात भारी गाडी, मस्टँगपेक्षाही. हा विचार मुळात स्पर्लिकचा, फोर्डमध्ये असताना हेन्री फोर्डने तो फेटाळला होता, स्पर्लिकलाही घरी पाठवलं होतं, मग तो आणि आयाकोका क्रायस्लरमध्ये भेटले आणि गाडी तिथे झाली. तिची उंची अशी ठेवली की अमेरिकेतल्या साध्या घराच्या गॅरेजमध्ये जाईल. मागच्या चाकाकडे जाणारा शाफ्ट नाही म्हणून तळ सपाट आणि खाली, म्हातारं माणूस सहज चढेल. बाजूला सरकता दरवाजा, लेकरं पटकन उतरावी म्हणून. बसायला ७ जण, आणि त्यावरच तिकडचे लोक खूश! आपल्या काळी-पिवळीवाल्याला ७ सवाऱ्यांत गाडी काढ म्हटलं तर तो स्टँडवरून हलणार नाही, त्याची मधली सीटच अजून भरायची असते आणि तो स्वतः अर्धा दाराबाहेर बसलेला असते.

१९८७ मध्ये क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स घेतली, मुख्य डोळा जीपवर. हीच ती विलीजची जीप, जिची जुळणी महिंद्राने १९४७ पासून मुंबईत सुरू केली होती आणि त्याच वंशातली कमांडर आपल्याकडे लग्नाच्या वरातीपासून तर बाजाराच्या दिवसापर्यंत राबली. मासेरातीसोबत एक महागडी गाडी काढली ती सपशेल पडली. १९९२ च्या शेवटी तो निवृत्त झाला. पण स्वस्थ बसवेना, १९९५ मध्ये कर्क कर्कोरियन या धनाढ्य माणसासोबत क्रायस्लर विकत घ्यायला निघाला आणि तोंडावर आपटला, कंपनीवाले इतके चिडले की बोलणं बंद. २००५ मध्ये त्याच कंपनीने विक्री वाढवायला परत त्यालाच जाहिरातीत उभं केलं, आणि ते पैसे त्याने डायबेटिसच्या संशोधनाला दिले, बायको त्याच आजाराने गेली होती. २ जुलै २०१९ ला तो वारला, ९४ वर्षांचा होऊन.

चला मंडळी, वेळ झाला. नमस्कार.